मोठं मशीन घेतलं म्हणजे बोट सुरक्षित झाली?

पावसाळा तोंडावर आला की कर्जत-खालापूर भागात एक चर्चा हमखास कानावर येते. करणारे कधी फार्महाऊसवाले असतात, कधी नदीकाठचे रिसॉर्टवाले, कधी 'पुरासाठी गावाची एक बोट असावी' म्हणणारे ग्रामपंचायतीचे सदस्य. बोट ठरलेली असते, दहा-बारा फुटी फायबरची. मग मशीनचा विषय निघतो आणि कोणीतरी जाणत्या सुरात म्हणतो, "लहान घेऊन पस्तावू नका. पंधरा-पंचवीसचं घ्या आणि हळू चालवा. ताकद हाताशी असली की अडचणीतून बाहेर पडता येतं."

हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण लहान बोटीच्या बाबतीत ते साफ चुकीचं आहे.

आधी वजन पाहू. 15 एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन साधारण 50 किलो भरतं, 25 एचपीचं त्याहून जड. हे वजन बोटीच्या मधोमध नसतं. ते ट्रान्समवर, म्हणजे मशीन अडकवायच्या मागच्या फळीवर लटकतं. टिलर, म्हणजे मशीन वळवायचा दांडा, धरून चालवणारा माणूस तिथेच बसणार आणि पेट्रोलची टाकीही बहुतेक वेळा त्याच्या पायाशीच असणार. म्हणजे जवळजवळ दीडशे किलो बोटीच्या शेवटच्या तीन फुटांत. आता टेप लावा. शॉर्ट शाफ्ट मशीनसाठी केलेली ही फळी तळापासून सुमारे 15 इंच उंच असते. एवढ्या ओझ्याने मागची बाजू आठ इंच पाण्यात बसली, तर पाणी आणि फळीचा काठ यांच्यात सात इंच उरले. पुरती एक वीतही नाही!

बोट पळत असते तोवर हे जाणवत नाही. पुढे अचानक कातळ दिसला, चालवणाऱ्याने घाबरून रेस सोडली, की बोट जागच्या जागी थबकते. तिने मागे उठवलेली लाट मात्र थबकत नाही. ती येऊन फळीवरून आत शिरते. पाणी मागेच साचतं, मागची बाजू आणखी खाली जाते आणि पुढची लाट आणखी सहज आत येते. वारा नाही, वादळ नाही, उल्हास नदीच्या संथ डोहात बोट स्वतःच्याच लाटेने बुडू शकते.

"पण आम्ही हळूच चालवणार ना!" चालवा. रेस कमी ठेवली म्हणून मशीनचं वजन कमी होत नाही. आणि 25 एचपी हाताखाली असताना पाहुण्यांसमोर कोणी हळू चालवतं, यावर माझा विश्वास नाही. जोरात रेस दिली की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उठते, चालवणाऱ्याला पुढचं दिसेनासं होतं. वळताना टिलर हातातून निसटला तर मशीन आपोआप एका बाजूला वळतं, बोट गरकन फिरते आणि माणूस बाहेर फेकला जातो. मग ती रिकामी बोट फिरत्या पंख्यासकट गोल घेत त्याच्याच अंगावर येते. मशीन बंद पाडणाऱ्या किल स्विचची लाल दोरी मनगटाला किंवा जॅकेटला बांधायची असते ती एवढ्यासाठी. आपल्याकडे ती बहुधा मशीनलाच गुंडाळून ठेवलेली दिसते.

मग किती एचपी घ्यायचं? नावाजलेल्या कारखान्याच्या बोटीवर क्षमतेची पट्टी असते: माणसं किती, वजन किती, जास्तीत जास्त एचपी किती. स्थानिक साच्यातून काढलेल्या बोटीवर बहुतेकदा ती नसते. अशा वेळी अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या नियमांतला हिशेब उपयोगी पडतो. तो वीस फुटांखालच्या साध्या, एका तळाच्या बोटींसाठी आहे. बोटीची लांबी आणि ट्रान्समची रुंदी फुटांत मोजा आणि गुणा. गुणाकार 35 पर्यंत आला तर कमाल 3 एचपी. 36 ते 39 आला तर 5. 40 ते 42 ला साडेसात. 43 ते 45 ला 10. 46 ते 52 ला 15. तळ सपाट आणि कडा काटकोनी असतील तर एक पायरी खाली उतरायचं. म्हणजे दहा फूट लांब आणि मागे साडेतीन फूट रुंद बोट असेल, तर 35, आणि मर्यादा फक्त 3 एचपी. बारा बाय चारची सपाट तळाची असेल तर 48. पण एक पायरी खाली, म्हणून 10. शिवाय ही वरची मर्यादा आहे. एवढं घ्याच, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. रबरी बोटींना हा हिशेब चालत नाही, त्यांच्या पट्टीवरचा आकडाच मानायचा.

तीन एचपी ऐकून लोक हसतात. विहिरीवरचा 5 एचपीचा पंप एकराएकराला पाणी पाजतो, हे याच लोकांना चांगलं माहीत असतं. पाण्यात सरळ तरंगत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. बारा फुटी बोटीला तो ताशी साधारण साडेआठ किलोमीटर, आणि तेवढ्याला दोन-तीन एचपी पुरतात. त्याहून जास्त वेग हवा तर बोटीला पाण्यावर उचलून घसरावं लागतं. त्यासाठी तळाचा आकारच तसा लागतो. तो नसेल तर जादा ताकद मागची बाजू खाली दाबण्यात आणि पेट्रोल जाळण्यात जाते.

राहिला प्रश्न 'अडचणीतून बाहेर पडण्याचा'. आपल्या नद्यांमध्ये खरी अडचण कुठली? बंधाऱ्याखालचं पाणी. वरून पडणारं पाणी खाली उलटं फिरतं आणि बोटीला बंधाऱ्याकडे ओढतं. तिथे फेसच फेस असतो. फेसात अर्धी हवा, त्यामुळे पंख्याला पकड मिळत नाही. मशीन नुसतं किंचाळतं, बोट हलत नाही. 15 चं असो की 40 चं. 23 मे 2024 ला अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्या मुलांचा शोध घेताना एसडीआरएफची बोट भोवऱ्यात उलटली आणि तीन जवान गेले. ती शिकलेली माणसं होती, हौशी नव्हती. बंधाऱ्यापासून लांब राहणं हा एकच उपाय आहे आणि त्याला एचपी लागत नाही.

"एनडीआरएफकडे तर मोठी मशीन असतात!" असतात. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान याच उल्हासच्या पुरात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढले गेले, तेव्हा टीव्हीवर ती मशीन सगळ्यांनी पाहिली. पण त्यांच्या रबरी बोटी रुंद असतात, कडेच्या फुगलेल्या नळ्या मागचं वजन पेलतात, आणि बोटीवर सराव केलेली माणसं असतात. त्यांचं मशीन बघून आपल्या अरुंद फायबरच्या बोटीला तसंच लावणं हा वेडेपणा आहे. त्याच्या पुढच्याच महिन्यात, 8 ऑगस्टला, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसं बुडाली. तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. गावासाठी बोट घेणाऱ्यांनी मशीनच्या आधी माणसांचा आकडा ठरवावा. फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले 15, हा ढोबळ नियम. बारा बाय पाचची बोट असेल तर चार जण, तेही पाणी शांत असताना. पुरात तो आकडा कमी धरायचा.

बाकीचे समज किरकोळ, पण तेही महागात पडतात. शाफ्ट लांब असला की चांगला? नाही, 15 इंची फळीला शॉर्ट आणि 20 इंचीला लाँग, अदलाबदल केली की पंखा एक तर हवा खातो नाहीतर कातळ. बॅटरीच्या मोटरवर '55 पाउंड' लिहिलेलं असतं, ते एचपी नव्हे. 12 व्होल्टची अशी मोटर साधारण पाऊण एचपीइतकी वीज ओढते. शांत तळ्यात ती उत्तम, वाहत्या नदीत नाही. पोहता येतं त्याला जॅकेट नको, हे डोक्यावर फळी आदळेपर्यंत खरं असतं.

'नदी आपल्या ओळखीची आहे' हाही एक समज. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी पेज नदीतून उल्हासला मिळतं, खोपोलीचं पाताळगंगेला. त्यामुळे पाऊस नसतानाही पातळी चढते-उतरते आणि सकाळी बुडालेला खडक दुपारी पंख्याच्या उंचीवर येतो. मोरबे हे नवी मुंबई महापालिकेचं पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, तिथे हौसेखातर मोटरबोट घालायचा विचारही नको. आणि 'समुद्र नाही म्हणजे कायदा नाही' म्हणणाऱ्यांनी 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा पाहावा. 1917 चा जुना कायदा जाऊन तो आला आहे आणि नदी-तलावांत मशीनवर चालणाऱ्या बोटींची तपासणी आणि नोंदणी त्याच्या कक्षेत येते.

शेततळ्यासाठी 9.9 एचपी मागणारेही आहेत. तीस मीटरचं तळं ताशी पंधरा किलोमीटरने सात सेकंदांत संपतं आणि पंख्याने तळाचा प्लास्टिक कागद फाटला तर पाणीही संपतं. तिथे वल्ही घ्या.

विकत घेताना दुकानदाराला बोट पाण्यात उतरवायला सांगा. मशीन लावा, टाकी भरा, नेहमी बसतील तेवढी माणसं बसवा आणि मागच्या फळीपाशी टेप धरा. पाण्यापासून काठापर्यंत वीतभर उरत नसेल, तर त्याच दुकानात एक पायरी लहान मशीन मागा.