द्विध्रुवीय विकाराची आनुवंशिकता

द्विध्रुवीय विकार (बायपोलर डिसऑर्डर) हा उन्माद आणि नैराश्य या दोन टोकांच्या मनोवस्था आळीपाळीने उद्भवणारा मानसिक आजार आहे. आनुवंशिक घटकांचा वाटा मोठा असलेल्या मानसिक आजारांमध्ये त्याची गणना होते. तथापि हा आजार कोणत्याही एका जनुकामुळे होत नाही. जनुकसंचातील शेकडो ठिकाणच्या सूक्ष्म भिन्नता, काही दुर्मीळ परंतु अधिक परिणामकारक उत्परिवर्तने आणि आयुष्यातील परिस्थिती यांच्या एकत्रित परिणामातून त्याचा धोका कमीअधिक होतो. एखाद्या व्यक्तीला हा आजार होईल की नाही, हे निश्चितपणे सांगणारी जनुकीय चाचणी आज उपलब्ध नाही.

आजाराचे स्वरूप

उन्मादाच्या काळात रुग्णाचा उत्साह, बोलणे आणि आत्मविश्वास अवाजवी वाढतो, झोपेची गरज कमी होते आणि विवेक सुटतो. नैराश्याच्या काळात याच्या उलट स्थिती असते व आत्महत्येचा धोका वाढतो. पूर्ण उन्मादाचा झटका आलेला असल्यास आजारास पहिला प्रकार म्हणतात. सौम्य उन्माद आणि तीव्र नैराश्य असल्यास तो दुसरा प्रकार होय. दोन्ही प्रकार मिळून सुमारे १ ते २ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. त्याची सुरुवात बहुधा पौगंडावस्थेच्या अखेरीस किंवा विशीत होते. उशिरा सुरू होण्याच्या या वैशिष्ट्यामुळे जनुकशोधाच्या कामात मोठी अडचण निर्माण झाली, तिचा उल्लेख पुढे आला आहे.

कौटुंबिक अभ्यासांचा इतिहास

फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ झां-पिएर फालरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या आजाराचे 'चक्राकार वेड' असे वर्णन केले आणि तो आनुवंशिक असल्याचे मत मांडले. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये उन्माद व नैराश्याचे बहुतेक सर्व विकार 'उन्माद-अवसाद' या एकाच नावाखाली आणले. कार्ल लेओनहार्ड यांनी १९५७ मध्ये त्यांची एकध्रुवीय व द्विध्रुवीय अशी विभागणी सुचवली. १९६६ मध्ये स्वित्झर्लंडमधील यूल्स आंग्स्ट आणि स्वीडनमधील कार्लो पेरिस यांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेल्या कौटुंबिक अभ्यासांनी या विभागणीस आधार दिला. द्विध्रुवीय रुग्णांच्या नातेवाइकांत द्विध्रुवीय आजाराचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांना दिसले. म्हणजेच या आजाराची आधुनिक व्याख्या काही अंशी आनुवंशिकतेच्या पुराव्यावरच उभी राहिली.

आजार कुटुंबात आढळतो एवढ्यावरून तो आनुवंशिक ठरत नाही, कारण कुटुंबीयांचे घर, अन्न आणि अडचणीही समान असतात. हा पेच सोडवण्यासाठी दत्तक व्यक्ती आणि जुळी भावंडे यांचे अभ्यास उपयोगी पडले. मेंडलेविच आणि रेनर यांच्या १९७७ च्या अभ्यासात, दत्तक गेलेल्या द्विध्रुवीय रुग्णांच्या जन्मदात्या पालकांत भावविकारांचे प्रमाण दत्तक पालकांपेक्षा जास्त आढळले.

जुळ्यांचे अभ्यास आणि वंशागतता

एकयुग्मज जुळ्यांचा जनुकसंच जवळजवळ सारखा असतो, तर द्वियुग्मज जुळ्यांमध्ये इतर भावंडांप्रमाणे सरासरी निम्म्या भिन्नता समान असतात. मॅकगफिन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्रिटनमधील अभ्यासात, जुळ्यांपैकी एकाला आजार असताना दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण एकयुग्मजांत ४० टक्के, तर द्वियुग्मजांत सुमारे ५ टक्के आढळले. त्यावरून वंशागतता ८५ टक्के असल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारित २००९ च्या अभ्यासात हा अंदाज ५९ टक्के होता.

वंशागतता या संज्ञेचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. '८५ टक्के वंशागतता' म्हणजे रुग्णाच्या अपत्याला आजार होण्याची ८५ टक्के शक्यता, असे नव्हे. विशिष्ट लोकसमूहातील व्यक्तीव्यक्तींमध्ये आजाराच्या प्रवणतेत जो फरक दिसतो, त्यातील किती भाग जनुकीय फरकांशी निगडित आहे, एवढेच हा आकडा सांगतो. प्रत्यक्ष धोक्याचे अंदाज साधारणपणे असे दिले जातात:

• सर्वसाधारण लोकसंख्या: सुमारे १ ते २ टक्के
• रुग्णाची सख्खी भावंडे किंवा अपत्ये: सुमारे ५ ते १० टक्के
• रुग्णाचे एकयुग्मज जुळे भावंड: सुमारे ४० ते ७० टक्के

सख्ख्या नात्यातील धोका इतरांच्या अनेक पट असला, तरी अशा दहा नातेवाइकांपैकी किमान नऊ जणांना द्विध्रुवीय विकार होत नाही. तसेच जनुकसंच जवळजवळ सारखा असूनही अनेक एकयुग्मज भावंडे या आजारापासून मुक्त राहतात. जनुकांखेरीज इतर घटकही आजारास कारणीभूत असल्याचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा मानला जातो.

एका जनुकाचा शोध

१९८० च्या दशकात डीएनएवरील खुणांच्या साहाय्याने कुटुंबातील आजाराचा माग काढण्याचे तंत्र विकसित झाले. जॅनिस इगलँड व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात राहणाऱ्या जुन्या परंपरेच्या आमिश समाजाची निवड केली. हा समाज अठराव्या शतकात युरोपातून आलेल्या थोड्या कुटुंबांपासून वाढला आहे, त्याच्या वंशावळी जपलेल्या आहेत, आणि निदान अवघड करणारी मद्य व अमली पदार्थांची व्यसने त्यात विरळ आहेत. १९८७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाशी आजाराचा संबंध असल्याचे जाहीर केले. त्याच अंकात, इतर कुटुंबांत असा संबंध न आढळल्याचे अहवालही प्रसिद्ध झाले होते.

१९८९ मध्ये याच आमिश कुटुंबाच्या माहितीचे पुनर्विश्लेषण झाले. पूर्वी निरोगी म्हणून नोंदलेल्या दोन व्यक्ती मधल्या काळात आजारी पडल्या होत्या. ही भर आणि वंशावळीतील नव्या शाखांची माहिती यांमुळे अकराव्या गुणसूत्राचा पुरावा टिकला नाही. १९८७ मध्येच इस्रायलमधील कुटुंबांच्या आधारे एक्स गुणसूत्राबाबत करण्यात आलेला दावाही १९९३ च्या फेरतपासणीत क्षीण झाला. या अनुभवातून दोन निष्कर्ष निघाले. उशिरा सुरू होणाऱ्या आजारात आजची 'निरोगी' ही नोंद अंतिम धरता येत नाही, आणि बहुसंख्य रुग्णांत आजार एकाच प्रभावी जनुकाने ठरत नाही.

जीनोमव्यापी अभ्यास

२००५ नंतर हजारो रुग्ण व निरोगी व्यक्तींच्या जनुकसंचातील लाखो ठिकाणांची एकाच वेळी तुलना करणे शक्य झाले. या पद्धतीस जीनोमव्यापी सहसंबंध अभ्यास म्हणतात. डीएनएच्या साखळीत एखाद्या जागी काहींमध्ये एक, तर काहींमध्ये दुसरे अक्षर असते. ते रुग्णांत अधिक वेळा आढळते का, हे येथे पाहिले जाते. एकेका अक्षराचा परिणाम अत्यल्प असल्याने विश्वासार्ह निष्कर्षासाठी नमुना फार मोठा लागतो. नमुना वाढत गेला तशी निष्पत्तीही वाढली:

• २००८: ४,३८७ रुग्ण, सीएसीएनए१सी आणि एएनके३ या जनुकांकडे निर्देश
• २०१९: प्राथमिक टप्प्यात सुमारे २०,००० रुग्ण, जनुकसंचातील ३० ठिकाणे
• २०२१: सुमारे ४२,००० रुग्ण, ६४ ठिकाणे
• २०२५: सुमारे १,५८,००० रुग्ण; २९८ ठिकाणे

यांतील बहुतेक ठिकाणे जनुकांच्या प्रथिन बनवणाऱ्या भागांत नसून, जनुक केव्हा व किती कार्यरत व्हावे हे ठरवणाऱ्या भागांत आहेत. एखादी सामान्य भिन्नता धोका साधारणतः दहा ते वीस टक्क्यांनी वाढवते. म्हणजे मूळ धोका १ टक्का असल्यास तो सुमारे १.१ ते १.२ टक्के होतो. अशा अनेक भिन्नता प्रत्येक निरोगी माणसातही असतात.

सीएसीएनए१सी हे जनुक चेतापेशीत कॅल्शियम आत घेणाऱ्या एका मार्गिकेचा प्रमुख भाग घडवते. एएनके३ हे अँकिरिन-जी या प्रथिनाचे जनुक आहे. चेतापेशीतून विद्युतसंदेश जेथून निघतो, त्या ठिकाणी सोडियमच्या मार्गिका धरून ठेवण्याचे काम हे प्रथिन करते. या व अशा इतर निष्कर्षांवरून चेतापेशींची उत्तेजनक्षमता आणि त्यांच्यातील संदेशवहन या प्रक्रियांकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे.

दुर्मीळ भिन्नता

काही भिन्नता क्वचित आढळतात, पण त्यांचा परिणाम मोठा असतो. सोळाव्या गुणसूत्राच्या १६पी११.२ या भागाची एक जादा प्रत असल्यास धोका वाढतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १४,००० रुग्णांच्या अभ्यासात एकेएपी११ हे जनुक निकामी करणारी उत्परिवर्तने द्विध्रुवीय विकार व छिन्नमनस्कता या दोहोंशी निगडित असल्याचे आढळले. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचा संबंध जीएसके-३ या विकराशी येतो, आणि लिथियम हे औषध याच विकराला रोखते. जॉन केड यांनी १९४९ मध्ये लिथियमचा उन्मादावरील उपयोग दाखवून दिला, तेव्हा त्याची कार्यपद्धती अज्ञात होती. त्यामुळे हा दुवा महत्त्वाचा मानला जातो.

इतर विकारांशी नाते

द्विध्रुवीय विकाराचा धोका वाढवणाऱ्या अनेक भिन्नता छिन्नमनस्कता आणि नैराश्य यांचाही धोका वाढवतात. पहिल्या प्रकाराचे जनुकीय साम्य छिन्नमनस्कतेशी, तर दुसऱ्या प्रकाराचे नैराश्याशी तुलनेने अधिक आहे. यामुळे एकाच कुटुंबात एकाला द्विध्रुवीय विकार, दुसऱ्याला नैराश्य आणि तिसऱ्याला छिन्नमनस्कता असे चित्र दिसू शकते. मनोविकारांच्या निदानातील सीमारेषा जनुकीय पातळीवर तितक्या काटेकोर नाहीत, असा याचा अर्थ घेतला जातो.

जनुकांपलीकडील घटक

बालपणातील छळ वा हेळसांड, गांजाचे सेवन आणि तीव्र मानसिक ताण यांचा आजाराशी संबंध आढळला आहे. झोपेचे चक्र बिघडल्यास, तसेच प्रसूतीनंतरच्या काळात, आजार उफाळू शकतो. यांपैकी काही बाबी टाळता येण्याजोग्या किंवा आटोक्यात ठेवता येण्याजोग्या आहेत. नियमित झोप आणि नशेपासून दूर राहणे याला उपचारात महत्त्व दिले जाते ते यामुळेच.

वैद्यकीय उपयोग आणि मर्यादा

व्यक्तीकडे असलेल्या सर्व भिन्नतांची गोळाबेरीज करून 'बहुजनुकीय जोखीम गुणांक' काढता येतो. मोठ्या गटांची तुलना करण्यास तो उपयुक्त आहे. मात्र आजाराच्या प्रवणतेतील फरकापैकी अवघा ४ ते ६ टक्के भाग त्याने स्पष्ट होतो. त्यामुळे एका व्यक्तीचे भाकीत, निदान किंवा विवाहविषयक निर्णय यांसाठी तो वापरता येत नाही.

औषधांच्या सुरक्षिततेबाबत मात्र काही जनुकीय चाचण्या आजही उपयोगी आहेत. एचएलए-बी*१५:०२ ही भिन्नता असलेल्या व्यक्तींना कार्बामाझेपिनमुळे त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया होण्याचा धोका असतो. आशियाई वंशाच्या व्यक्तींना हे औषध देण्यापूर्वी ही चाचणी करावी, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये दिली. पीओएलजी या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे मायटोकॉन्ड्रियाचा आजार असलेल्यांना व्हॅलप्रोएट देणे यकृतास घातक ठरू शकते.

भारतातील स्थिती

बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने (निम्हान्स) केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात द्विध्रुवीय विकाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. एकाहून अधिक सदस्यांना गंभीर मानसिक आजार असलेल्या कुटुंबांचा अभ्यासही या संस्थेत होत असून, त्यांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत चेतापेशी तयार करून संशोधन केले जाते.

जीनोमव्यापी अभ्यासांतील बहुसंख्य सहभागी युरोपीय वंशाचे आहेत. २०२५ च्या अभ्यासात पूर्व आशियाई, आफ्रिकी-अमेरिकी आणि लॅटिनो गटांचा समावेश होता. युरोपीय माहितीवर बेतलेले जोखीम गुणांक इतर लोकसमूहांत कमी अचूक ठरतात, म्हणून ते भारतीयांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. भारतात पिढ्यान्‌पिढ्या जातीअंतर्गत विवाह होत आल्याने काही समूहांत विशिष्ट दुर्मीळ भिन्नतांचे प्रमाण वाढलेले असू शकते. त्यामुळे भारतीय कुटुंबांच्या अभ्यासातून इतरत्र न सापडणारी माहिती मिळण्याची शक्यता आहे.

कुटुंबीयांच्या दृष्टीने महत्त्व

विवाहसंबंध जुळवताना अडचण येईल या भीतीने घरातील मानसिक आजार लपवण्याची प्रवृत्ती अनेक ठिकाणी दिसते. मात्र ही माहिती डॉक्टरांपासून लपवल्यास रुग्णाचे नुकसान होऊ शकते. द्विध्रुवीय विकाराची सुरुवात अनेकदा नैराश्याने होते. अशा रुग्णाला केवळ नैराश्यरोधक औषध दिल्यास उन्माद उफाळण्याचा संभव असतो. आई-वडील, भावंडे किंवा जवळच्या नातेवाइकांपैकी कोणाला हा आजार असल्याचे समजल्यास निदान व औषधांची निवड बदलू शकते. एखाद्या नातेवाइकाला लिथियमचा चांगला गुण आला असल्यास तीही उपयुक्त माहिती असते, कारण हा प्रतिसाद काही कुटुंबांत सामाईक आढळतो.

आजार असलेल्या स्त्रीच्या आईला किंवा बहिणीला प्रसूतीनंतर तीव्र मनोविकार झाला असल्यास तिला विशेष देखरेखीची गरज असते. व्हॅलप्रोएटमुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. आनुवंशिक समुपदेशनात कुटुंबाचा इतिहास तपासून धोक्याचा अंदाज आकड्यांत समजावला जातो. पालकांच्या संगोपनामुळे आजार झाला हा अपराधभाव, किंवा तो अपत्यांना होणारच ही धास्ती, अशा दोन्ही गैरसमजांचे निरसन करणे हा त्याचा एक हेतू असतो.

हे सुद्धा पहा

• द्विध्रुवीय विकार
• छिन्नमनस्कता
• नैराश्य
• जनुक
• लिथियम