डांबराचे ऊर्ध्वपातनी विश्लेषण

दगडी कोळसा हवाविरहित भट्टीत तापविला असता कोक व ज्वलनशील वायू यांबरोबर जो काळा, दाट द्रव मिळतो, ते खरे डांबर होय. शिरूर व दौंड तालुक्यांत, किंबहुना महाराष्ट्रात सर्वत्र, रस्त्यावरच्या ज्या पदार्थास डांबर म्हणतात, ते बहुधा खनिज तेलापासून मिळणारे बिट्यूमेन असते. कोळशाचे डांबर कर्करोगजनक असल्याने हा घोटाळा केवळ शब्दांचा नाही. तो ऊर्ध्वपातनाने दूर होतो.

प्रथम नमुन्यातील पाणी टोल्यूइनाबरोबर उकळून काढतात. ते राहिल्यास डांबर फेसाळून उतू जाते व आगीचा धोका संभवतो. नंतर १०० ग्रॅ. निर्जल डांबर चंबूत तापवून १७०°, २७०° व ३००° से. पर्यंतचे भाग वेगवेगळे जमवितात व त्यांचे वजन करतात. तापमापकाचा फुगा चंबूच्या बाजूच्या नळीच्या पातळीस असावा लागतो. तो वरखाली झाल्यास भागांच्या सीमाच चुकतात. नॅप्थॅलीन २१८° से. ला उकळते, पण ८०° से. खाली गोठते. म्हणून येथे थंड पाण्याचा संघनक चालत नाही, नळी तुंबते. हवेने निवणारी साधी नळी वापरतात. चंबूत शेवटी पिच उरते व ते बहुधा निम्म्याहून अधिक भरते.

रस्त्याचे साधे बिट्यूमेन ३००° से. पर्यंत जवळजवळ काहीच देत नाही. केरोसीन मिसळलेले बिट्यूमेन तेल देते, परंतु ते निवल्यावर नॅप्थॅलिनाचे पांढरे स्फटिक दिसत नाहीत.