पित्ताची गोळी आणि आपली बेफिकिरी

चवथ असो वा देवळाची जत्रा, दोन घास अधिक गेले आणि छातीत जळजळ सुरू झाली की आपल्याकडे माणूस डॉक्टरांकडे जात नाही. तो नाक्यावरच्या फार्मसीत जाऊन ‘पित्ताची गोळी’ मागतो. चिठ्ठी सहसा कोणी विचारीत नाही. पुढे ती गोळी महिनोन्‌महिने चालते आणि ते औषध आहे याचाच त्यास विसर पडतो. मग डॉक्टरांनी ‘आणखी काही औषधे चालू आहेत काय?’ असे विचारले असता तो निःशंकपणे ‘नाही’ म्हणतो. हा नकार प्रसंगी जिवावर बेतू शकतो.

हृदयरुग्णाचेच उदाहरण घ्या. रक्तवाहिनीत स्टेंट बसविल्यावर गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल देतात. यकृतातील एका विकराने त्यावर प्रक्रिया केल्यावरच ते गुणकारी ठरते. ओमेप्राझोल व एसोमेप्राझोल ही पित्ताची औषधे नेमका त्याच विकरास अडथळा करतात. २००९ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने याविषयी इशारा दिला. पँटोप्राझोलचा हा परिणाम पुष्कळ कमी असतो. परंतु निवड डॉक्टरांनी करावयाची, रुग्णाने नव्हे.

शिवाय जठरातील आम्ल हा काही केवळ शत्रू नव्हे. लोहाच्या तसेच बुरशीवरील केटोकोनॅझोलच्या गोळ्या अंगी लागण्यास ते आवश्यक असते. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमयुक्त आम्लनाशके तर सिप्रोफ्लॉक्सासिन व टेट्रासायक्लिन यांना पोटातच बांधून ठेवतात. रोग हटत नाही आणि बोल मात्र डॉक्टरांना लागतो. थायरॉईडची गोळी व असे आम्लनाशक यांत चार तासांचे अंतर हवे.

याचा अर्थ ही औषधे त्याज्य आहेत असा मुळीच नाही. जठरव्रणाच्या असंख्य रुग्णांना त्यांनी दिलासा दिला आहे. ॲस्पिरिन घेणाऱ्या वृद्धांस पोटातील रक्तस्रावापासून वाचविण्यासाठी डॉक्टर ती मुद्दाम देतात. तेव्हा हे वाचून कोणी ती परस्पर बंद करू नयेत.

आमचे सांगणे इतकेच की, घेत असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव एका कागदावर लिहावे, त्यात पित्ताची गोळीही असावी, आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. फार्मसीवाल्यानेही गोळी हाती देण्यापूर्वी ‘दुसरे काय घेता?’ एवढे विचारावे. त्यास पैसा पडत नाही. एखादा जीव मात्र वाचू शकतो.