झाडीपट्टीच्या सीड्या कॉम्प्युटरवर घेताना

वडसा म्हणजे देसाईगंज ही झाडीपट्टी रंगभूमीची पेठ. दिवाळी ते होळी नाटक कंपन्या इथून गावोगावी निघतात. त्या नाटकांतली पदं, दंडार या लोकनाट्याची गाणी, तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं अशा सीड्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या घरांत अजून सापडतात, पण नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह घेतला, की ज्यांना दिसत नाही त्यांनाही हे काम एकट्याने करता येतं. पडदा वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा प्रोग्राम फुकट मिळतो. मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला, आणि तो मराठीही बोलतो.

सीडीची छापील बाजू वर ठेवायची. ती बोटांना कशी कळावी? बहुतेक सीड्यांच्या खालच्या बाजूला, मधल्या भोकाभोवती, एक बारीक उंच कडं लागतं. ते खाली गेलं पाहिजे. सीडीवर ब्रेलची चिकटपट्टी लावू नका, ती डबीवर लावा. गाणं असलेला चकाकता थर छपाईच्या लगेच खाली असतो, त्यामुळे वरच्या बाजूचा ओरखडा खालच्यापेक्षा जास्त घातक. पुसायचं तर मधून कडेकडे, सरळ. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो गाण्याच्या रेघेबरोबरच धावतो आणि सलग मजकूर जातो. आडव्या ओरखड्यातून वाट काढण्याची सोय सीडीच्या रचनेतच आहे. सीडी मधून बाहेर वाचली जाते, म्हणून कडेला बोटांचे डाग असले की बहुधा शेवटची गाणी अडखळतात.

आता सीडी कोणत्या जातीची ते पाहा. विंडोज की आणि ई दाबून ड्राइव्ह उघडा आणि बाणांनी खाली या. ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी नावं आणि प्रत्येकाचा आकार जेमतेम १ केबी ऐकू आला, तर ती खरी ऑडिओ सीडी. त्या फाइली म्हणजे नुसती अनुक्रमणिका. त्या कॉपी करून पेस्ट केल्या तर हाती गाणं लागत नाही. एमपीथ्री फाइली निघाल्या तर मात्र सरळ कॉपी करा, पुढचा खटाटोप नको. ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर लागला तर ती व्हीसीडी, म्हणजे चित्रफीत. तिची वाट वेगळी.

ऑडिओ सीडीसाठी मी फूबार२००० हा प्रोग्राम सुचवेन, कारण त्याचे मेनू आणि बटणं एनव्हीडीए नीट वाचतो. त्याच्याच संकेतस्थळावरचा फ्री एन्कोडर पॅकही आधी बसवून घ्या. ऑल्ट दाबून फाइल मेनूत जा, ‘ओपन ऑडिओ सीडी’ निवडा, टॅबने ‘रिप’पर्यंत या आणि एंटर दाबा. तिथेच ‘ड्राइव्ह सेटिंग्ज’मध्ये वाचनाची काटेकोरी वाढवता येते, जुन्या, घरी भरलेल्या सीड्यांसाठी ती वाढवाच. साठवायला फ्लॅक घ्या. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. फ्लॅकमध्ये आवाजातलं काहीही न गाळता ती जागा बरीच कमी होते. एमपीथ्री नंतर कधीही करता येईल, पण एमपीथ्रीत गाळलेला आवाज परत येत नाही.

काम कुठवर आलं हे एनव्हीडीए चढत्या सुरांच्या बीपने सांगतो. इन्सर्ट आणि यू दाबून बीप, बोललेले आकडे की दोन्ही, ते ठरवा. ड्राइव्हकडेही कान असू द्या: एकसारखी घरघर मध्येच मंदावून पुन्हा चढू लागली, तर तो खराब जागा पुन्हा पुन्हा वाचतोय. अशा वेळी थांबवू नका, वाचू द्या.

खरी मेहनत इथून पुढे. सीडीवर गाण्यांची नावं सहसा नसतातच. सॉफ्टवेअर गाण्यांच्या लांबीवरून इंटरनेटच्या यादीत जुळणी शोधतं. हिंदी सिनेमाच्या सीड्या तिथे सापडतात. वडशाच्या नाटकाची सापडण्याची आशा ठेवू नका, आणि कधी लांबी जुळल्यामुळे भलतंच नाव चिकटतं. म्हणून नाव आपणच द्यायचं, ऐकून. या कामात डोळसांना काही फायदा आहे असं मला वाटत नाही. वरोऱ्याच्या आनंदवनातल्या ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंदात अंध कलाकार आहेत. त्यांना ऐकलेल्या माणसाला हे वेगळं पटवावं लागणार नाही. गाणं चालू असताना एनव्हीडीए मध्ये बोलला तर इन्सर्ट, शिफ्ट आणि डी दाबा. तो बोलेल तेवढ्यापुरता गाण्याचा आवाज कमी होतो. मग ऑल्ट-एंटरने माहितीची चौकट उघडा आणि मुखडा, गायक, प्रकार आणि गाव भरा. गायक माहीत नसेल तर ती जागा रिकामी सोडा, अंदाजाने भरू नका; चुकीचं नाव प्रतींबरोबर पसरत जातं.

घरच्या ऐकण्यासाठी केलेली प्रत वेगळी आणि त्या प्रती बाजारात विकणं वेगळं. विकायला हक्कदाराची परवानगी लागते.

पेन ड्राइव्हवर टाकताना फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे ठेवा आणि त्याच क्रमाने कॉपी करा. स्वस्तातले स्पीकर बरेचदा ज्या क्रमाने फाइली आल्या त्याच क्रमाने वाजवतात, आणि नाटकातली पदं उलटसुलट वाजली तर गोष्टच कळत नाही.