शिक्षण मंडळ आणि प्रशासन अधिकारी : लेखांक 6

मागील लेखांकात शाळा व्यवस्थापन समितीचा विचार झाला. तिच्या वरच्या पायरीवर पिंपरी-चिंचवडमध्ये 2017 पर्यंत महापालिकेचे शिक्षण मंडळ होते. महापालिकेच्या प्राथमिक शाळा चालवणाऱ्या या मंडळात नगरसेवकांनी निवडून दिलेले आणि काही सरकारनियुक्त सदस्य असत, आणि राजकीय पक्षांना ते तिकीट हुकलेल्या कार्यकर्त्यांची सोय लावण्याचे हमखास ठिकाण वाटे.

मंडळाचा कारभार प्रत्यक्ष चालवणारा अधिकारी म्हणजे प्रशासन अधिकारी. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, 1947 नुसार तो मंडळाचा मुख्य कार्यकारी अधिकारी असला, तरी त्याची नेमणूक राज्य सरकार करी. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळा मंडळच अधीक्षकाची निवड करते, त्याच्याशी करार करते आणि पटले नाही तर त्याला घरीही पाठवते. येथे मात्र सभापतीला मतदारांची आणि नगरसेवकांची मर्जी सांभाळावी लागे, तर अधिकाऱ्याची बदली-बढती मंत्रालयातून ठरत असे. दोघांत खटके उडाले की ते स्वभावांच्या खाती टाकण्याची पद्धत आहे, पण त्यांचे मूळ बहुतांशी या नेमणुकीच्या रचनेत सापडते.

ही ओढाताण सर्वांत स्पष्ट दिसे ती गणवेश, दप्तरे आणि स्वेटर यांच्या खरेदीत. मंडळाच्या सभेत ठराव होई, परंतु निविदेच्या कागदांवर सही अधिकाऱ्याची असल्याने लेखापरीक्षणातील आक्षेपाला उत्तरही त्यालाच द्यावे लागे. साहजिकच सदस्यांना जी दिरंगाई वाटे, ती अधिकाऱ्याच्या दृष्टीने खबरदारी असे, आणि या वादात जून उलटून गेला तरी मुले जुन्याच गणवेशात वर्गात बसलेली असत.

शिक्षण हक्क कायदा, 2009 ने प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी थेट स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे येथे महापालिकेवर, टाकली. त्यापाठोपाठ राज्याने 2013 मध्ये शिक्षण मंडळे मोडीत काढली, मात्र असलेल्या मंडळांना मुदत पुरी करू दिली. त्यानंतर नगरसेवकांची शिक्षण समिती आली, आणि अधिकारी पूर्णपणे आयुक्तांच्या अखत्यारीत गेला.

इंद्रायणी ओलांडून चाकणकडे निघाले की व्यवस्था बदलते. खेड तालुक्यातील गावांच्या शाळा जिल्हा परिषदेच्या असून तेथे शिक्षण समिती, शिक्षणाधिकारी आणि तालुक्यासाठी गटशिक्षणाधिकारी अशी उतरंड आहे. कारखान्यांमुळे चाकण पट्ट्यात परप्रांतीय कामगारांच्या मुलांचा पट वर्षाच्या मध्यातही वाढतो. जादा शिक्षकाची मागणी गावातून गटाकडे, गटातून जिल्ह्याकडे जाते, पण पदे संचमान्यतेनुसार, म्हणजे पटसंख्येवरून सरकारने ठरवलेल्या प्रमाणात, मंजूर होत असल्याने समितीच्या सभापतीला शिफारशीपलीकडे फारसे काही करता येत नाही.

मार्च 2022 मध्ये महापालिका आणि जिल्हा परिषद या दोन्हींची मुदत संपली आणि प्रशासकांचा काळ सुरू झाला, तेव्हा समित्याही उरल्या नाहीत. महापालिकेत तर ठराव करणारे आणि तो अमलात आणणारे आयुक्त एकच झाले.