पाण्यात म्हैस, बाहेर मोल

तेलुगूत 'नल्ल' म्हणजे काळे आणि 'कुंट' म्हणजे लहान तळे. ज्या वस्तीच्या नावातच पाणी आहे, त्या नल्लकुंट्यात जुनी मोटार घेऊ पाहणाऱ्याने 'पाण्यात म्हैस, बाहेर मोल' ही आपली म्हण आधी आठवावी, असे आम्हांला वाटते. हुसेनसागराचे जादा पाणी मुसीकडे नेणारा नाला याच परिसरातून जातो. १३ व १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत शहरातील सखल वस्त्या जलमय झाल्या आणि दारापुढच्या कित्येक गाड्या पाण्यात गेल्या. अशी गाडी धुऊनपुसून, नवे आच्छादन घालून विक्रीस ठेवली, तर वरवर पाहणाऱ्यास काय कळणार?

परंतु आपल्या घरांतून फसगत होते ती बहुधा परक्याकडून नव्हे. शंकर मठाजवळ राहणाऱ्या आमच्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांनी पुण्याच्या भाच्याकडून गाडी घेतली. "मामा, घरचीच गाडी आहे, कागदांची काय घाई?" असे भाचा म्हणाला आणि मामांनी भिडेपोटी काही विचारले नाही. पुढे समजले की गाडीवर कर्जाचा बोजा तसाच होता. भाच्याचा हेतू वाईट नव्हता. हप्ते फेडून मग सांगू, असे त्याच्या मनात होते. परंतु दोन घरांतले जाणेयेणे वर्षभर थांबले, ते थांबलेच.

म्हणून विचारावे, आणि बयाणा देण्यापूर्वी विचारावे. नोंदणीपुस्तकावरील चासी व इंजिनाचे क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. कर्जाची नोंद असल्यास कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरविण्याचा ३५ क्रमांकाचा नमुना मागावा. केंद्र सरकारच्या 'वाहन' नोंदवहीत गाडीच्या क्रमांकावरून नोंदणीची तारीख आणि विम्याची मुदत घरबसल्या पाहता येते. थकलेले दंडही क्रमांकावरून कळतात. क्रमांकाची अक्षरेही बोलतात: २०१४ पूर्वीची येथील गाडी 'एपी', त्यानंतरची 'टीएस' आणि मार्च २०२४ पासूनची 'टीजी'.

'एमएच' अक्षरांची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची, तर येथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे २८ क्रमांकाच्या नमुन्यातील ना-हरकत प्रमाणपत्र हवे, आणि तेलंगणाचा आजीवन करही वेगळा भरावा लागतो. पुण्यात स्वस्त पडलेली गाडी येथे येईपर्यंत स्वस्त राहतेच असे नाही.

कागदांनंतर गाडी पाहावी, तीही दिवसाउजेडी. आसनपट्टा शेवटपर्यंत ओढावा. पाण्यात राहिलेल्या गाडीच्या पट्ट्यावर गाळाची रेघ सापडते. पायाखालचे आच्छादन उचलावे, स्टेपनीच्या खळग्यात हात घालावा, आसनांखालच्या बोल्टांवरचा गंज पाहावा. काटा थोडे किलोमीटर दाखवीत असून पायटांचे रबर झिजलेले असेल, तर काट्यापेक्षा रबरावर विश्वास ठेवावा आणि दुरुस्तीच्या जुन्या पावत्या मागाव्यात. शेवटी आपल्या ओळखीच्या मेस्त्रीस दाखवावे. त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

किमतीचा अंदाज बांधण्यास विमाव्यवसायात दीर्घकाळ रूढ असलेले कोष्टक उपयोगी पडते. त्यानुसार नव्या गाडीच्या किमतीतून एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरतात. पुढे उभयतांच्या संमतीने किंमत ठरते. बाजारभाव याहून निराळा असू शकतो, परंतु बोलणी कोठून सुरू करावीत हे यावरून कळते. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल, तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्चही हिशेबात धरावा.

पैसे दिले म्हणजे व्यवहार संपला, असे मात्र नव्हे. २९ व ३० क्रमांकाच्या नमुन्यांवर सह्या होऊन घेणाऱ्याने तीस दिवसांत आपले नाव लावण्यासाठी अर्ज करावा, असा कायदा आहे. यात विकणाऱ्याचेही हित आहे. अनेक हातांतून गेलेल्या, परंतु नाव न बदललेल्या एका गाडीच्या अपघाताबाबत २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदवहीतील मालकावरच ठेवली. मामांनी कागद मागितले असते, तर ते भाच्याचेही रक्षण ठरले असते.

भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. गाडीचा व्यवहार आप्तांत असो वा अन्यत्र, आधी कागद मागावेत; त्यात अविश्वास नाही. नाते टिकवायचे असेल, तर व्यवहारापुरते ते बाजूला ठेवणेच बरे.