खेड्यातले चित्रप्रदर्शन

चित्रप्रदर्शन म्हटले की डोळ्यांसमोर मुंबई उभी राहते. काळ्या घोड्याजवळची जहांगीर आर्ट गॅलरी, पांढऱ्या भिंती, हळू आवाजात बोलणारी माणसे. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावाला त्याचे काय, असे कुणी विचारील. इथे पाण्याची विवंचना, उसाच्या तोडीची विवंचना. त्यात चित्रे कुठे मांडायची आणि कुणी पाहायची?

तर आधी मुलांपासून सुरुवात करू या. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांना आपल्या शाळांतली मुले बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती असे विषय असतात. गुरुजी जीव तोडून शिकवतात, मुलेही मन लावून काढतात. पण यांतल्या कितीतरी मुलांनी कसलेल्या चित्रकाराच्या हातचे एकही मूळ चित्र जवळून पाहिलेले नसते. त्यांनी पाहिलेले असते ते कॅलेंडरवरचे, पुस्तकातले, नाहीतर मोबाइलवरचे. विहीर न पाहता पोहायला शिकावे, तसाच हा प्रकार.

छापील चित्रात आणि मूळ चित्रात असा काय मोठा फरक, असे तुम्हांला वाटेल. पहिला फरक आकाराचा. भिंतभर चित्र आणि टपालाच्या तिकिटाएवढे चित्र मोबाइलवर सारखेच दिसते. दुसरा फरक हाताचा. मूळ चित्राजवळ गेलात की कुंचला कुठे दाबला, कुठे नुसता टेकवला, चूक झाली तिथे रंगावर रंग कसा चढवला, हे सारे दिसते. जलरंगात कागदाचा पांढरेपणा तसाच सोडून उजेड दाखवलेला असतो. तैलरंगात तो उजेड वरून जाड रंगाने ठेवलेला असतो. ही गोष्ट फळ्यावर तासभर समजावली तरी कळत नाही, आणि चित्रासमोर दोन मिनिटांत कळते. शिवाय मुलाला आणखी एक गोष्ट उमगते, की हे कुणा माणसाने केलेले आहे, म्हणजे मलाही करता येईल.

आता, समूहाचे प्रदर्शन म्हणजे काय? पाचसात चित्रकार एकत्र येतात, प्रत्येकाची थोडी थोडी चित्रे एका ठिकाणी मांडतात. जागेचे भाडे, चौकटी, वाहतूक, हा खर्च वाटून घेतात. पाहणाऱ्यालाही त्यात फायदा असतो. एकच झाड तिघांनी तीन तऱ्हांनी काढलेले शेजारी शेजारी दिसले की, चित्र म्हणजे हुबेहूब नक्कल नव्हे, हे न सांगता समजते.

आपल्याकडे या पद्धतीचे गाजलेले उदाहरण म्हणजे 1947 साली मुंबईत स्थापन झालेला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे ते सहा जण. नाव मुंबईचे झाले, पण ही माणसे होती कुठली? मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया या जंगलातल्या खेड्यात जन्मले. फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्यातल्या साळगावचे. हरी अंबादास गाडे विदर्भातल्या तळेगाव दशासरचे. कृष्णाजी हौळाजी आरा हैदराबादेकडून मुंबईला आले आणि घरगड्याचे काम करीत चित्रे काढीत राहिले. म्हणजे खेड्यापाड्यांतले गुण मुंबईला गेले आणि तिथे वाढले. ते वाढले याचा आनंदच आहे. पण त्या वाढीतले काही परत आपल्या वाटेला यायला नको का?

असे येऊ शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात औंध नावाचे लहानसे गाव आहे. तिथले संस्थानिक भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून तुम्हांला त्यांचे नाव ठाऊक असेल. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी त्यांनी चित्रकार बरोबर नेले आणि 1932 साली अजिंठ्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार आणि पुढे वेदांचे पंडित म्हणून प्रसिद्ध झालेले श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधातच पुष्कळ वर्षे राहिले. भवानरावांनी जमवलेल्या कलाकृतींसाठी 1938 साली औंधला श्रीभवानी संग्रहालय उभे राहिले. राजा रविवर्म्यांची चित्रे तिथे आहेत, धुरंधरांची आहेत. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे माता आणि बालक हे दगडी शिल्पही तिथे आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत ज्याचे काम पाहायला लोक जातात, त्याचे शिल्प खटाव तालुक्यात!

पण श्रोतेहो, यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती या संग्रहालयाची जागा. यमाई देवीचे मूळपीठ ज्या डोंगरावर आहे, त्याच डोंगराच्या उतारावर, देवीला जाण्याच्या वाटेवर ही इमारत आहे. चित्रे पाहायला म्हणून मुद्दाम कोण येणार? देवीला मात्र माणसे येतातच. जाता-येता ती आत डोकावतात. लोकांना चित्राकडे ओढत बसण्यापेक्षा चित्र लोकांच्या वाटेवर ठेवले. खेड्यातले प्रदर्शन जगते ते अशाने. संस्थान 1948 साली विलीन झाले, राजाही राहिला नाही. संग्रहालय शासनाकडे आले आणि टिकले.

राजा नसला म्हणून अडते असेही नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पिंगुळीला ठाकर समाजातले परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे संग्रहालय मांडले. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि आपला बीड जिल्हा या बाबतीत पोरका आहे काय? अंबाजोगाईचे हत्तीखाना लेणे पाहा. एका खडकातून कोरून काढलेले हत्ती आणि नंदी. धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराच्या भिंतींवरच्या मूर्ती पाहा. बीड शहरातले पाण्यात उभे असलेले कंकालेश्वराचे देऊळ पाहा. हे सारे कुणा एकट्याच्या हातचे काम नव्हे. आणि ते मांडले गेले ते लोक जिथे रोज येत-जात होते तिथे. आपल्या वाडवडिलांना शिल्प पाहण्यासाठी कधी तिकीट काढावे लागले नाही.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एखाद्या गावी असे प्रदर्शन भरवायचे तर काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती पाडव्याच्या मागेपुढे परततात. हिवाळ्यात प्रदर्शन भरवले तर ज्या पोरांसाठी ते करायचे, त्यांतली बरीच कारखान्याच्या तळावर असतात. म्हणून पोळ्यापासून घटस्थापनेच्या आठवड्यापर्यंतचा काळ बरा. गाव घरी असते. अंबाजोगाईकडच्या गावांना तर योगेश्वरीच्या नवरात्राची वाट आयतीच मिळते.

दुसरी गोष्ट जागेची. शाळेची खोली, देवळाची ओवरी, ग्रामपंचायतीचे सभागृह, काहीही चालेल. ऊन थेट चित्रावर पडू देऊ नये, जलरंग उडतात. पावसाळी भिंतीला ओल असते. चित्र भिंतीला चिकटवू नका, दोरीवर टांगा आणि मागे बोटभर हवा राहू द्या. काही चित्रे मुद्दाम खाली लावा, तिसरीतल्या पोराच्या डोळ्यांना येतील अशी. प्रत्येकाखाली मराठीत ठसठशीत चिठ्ठी असावी: चित्रकाराचे नाव, गाव, आणि चित्र कशाने काढले ते.

तिसरी गोष्ट सोबतीची. तालुक्यातल्या कलाशिक्षकांनी, कलाविद्यालयातल्या मुलांनी आपली चित्रे द्यावीत आणि त्याच खोलीत गावातल्या बायांच्या गोधड्या, पोळ्याचे मातीचे बैल, दारातल्या रांगोळीचे नमुनेही मांडावेत. जुन्या लुगड्याच्या तुकड्यांतून कोणता रंग कशाशेजारी लावायचा, हे ज्या आजीला कळते, तिला चित्रातले रंग कळत नाहीत असे कोण म्हणेल? तिची गोधडी भिंतीवर दिसली की ती शेजारच्या चित्रापुढेही धीटपणे उभी राहील.

चौथी गोष्ट बोलण्याची. येणाऱ्याला "याचा अर्थ काय?" असे विचारू नका, तो बुजतो. उजेड कुठून येतो, जनावराच्या पायावर भार कुठे पडला आहे, हे विचारा. बाजारात बैल पारखणारा शेतकरी चित्रातल्या बैलाचा खूर चुकला तर लगेच सांगतो. चित्रकार तिथे हजर असेल तर त्यालाही ते ऐकण्यासारखे आहे; मुंबईत असा परीक्षक त्याला मिळत नाही.

खर्च म्हणाल तर दोरी, चुना आणि चिठ्ठ्यांचे कागद. यंदा एका केंद्रातल्या चार शाळांनी मिळून एवढे केले, तरी पुढच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी निदान दहा-वीस खरी चित्रे पाहिलेली असतील. त्यांतल्या एखाद्याच्या हातात खरेच गुण असेल. तो आपल्यात आहे हे त्याला आणि त्याच्या आईबापांना वेळेवर कळावे, कोयता हातात येण्याआधी कळावे, एवढ्यासाठी ही खटपट करायची.